उरलं तर कोणाचं, बुडालं तर कोणाचं? भांडवलशाही, समाजवाद आणि साम्यवाद कोकणातून बघताना

देवगड-रत्नागिरी पट्ट्यात हापूसच्या बागा कराराने देण्याची पद्धत जुनी. मालक मुंबईत नोकरीला, नाहीतर वयानं थकलेला. बागेत राबायला घरात माणूस नाही. मग बाग दोन-तीन वर्षांसाठी एखाद्या व्यापाऱ्याला दिली जाते. मालकाला ठरलेली रक्कम मिळते. खतं, फवारणी, राखण, तोड सगळं करार घेणाऱ्याकडे, आणि येईल तो आंबा त्याचा. व्यवहार साफ. पण अशा काही बागांतून फिरताना कलमं वेगळी दिसतात. पालवी आखूड, पानं झुपक्यासारखी एकमेकांवर चढलेली, मधूनच एखादी फांदी वाळलेली. जाणता बागायतदार लांबूनच सांगतो, "कल्टार जास्त झाला."

कल्टार म्हणजे पॅक्लोब्युट्राझोल. पावसाळ्यात कलमाच्या बुंध्याभोवती ते मातीत ओततात. झाडाची पालवीची वाढ आखडते आणि मोहोर लवकर, शिवाय भरपूर येतो. हापूस मुळात वर्षाआड धरणारा. कल्टारामुळे दरवर्षी धरतो. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचीच तशी शिफारस आहे, पण झाडाच्या विस्ताराप्रमाणे प्रमाण मोजून आणि खताची मात्रा सांभाळून. गोम या मोजण्यात आहे. फेब्रुवारीत वाशीच्या बाजारात पोचलेल्या पेटीला जो भाव मिळतो तो मे महिन्यात स्वप्नातही मिळत नाही. करार तीन वर्षांचा असेल तर झाडाकडून तीन वर्षांत जेवढं काढता येईल तेवढं काढायचं, हा हिशेब करार घेणाऱ्याच्या डोक्यात आपोआप बसतो. चौथ्या वर्षी झाड मेलं काय नि जगलं काय! मालवणीत सांगायचं तर "झाड तुमचा, आंबो माझो."

तो माणूस दुष्ट असतो असं अजिबात नाही. त्याच्या स्वतःच्या चार कलमांना तो कल्टार मापानं घालतो, शेणखत घालतो, वाळवी लागली तर रात्री झोपत नाही. माणूस तोच, हात तेच. उरलेलं कोणाचं आणि बुडालेलं कोणाचं एवढंच बदललं.

भांडवलशाही, समाजवाद, साम्यवाद या तीन शब्दांवर आपल्याकडे जी भांडणं होतात, ती बहुतेक हेतूंवर होतात. एका बाजूला लोभी शेटजी, दुसऱ्या बाजूला आळशी सरकारी बाबू, तिसऱ्या बाजूला रक्तपिपासू क्रांतिकारक. मला वाटतं, त्यापेक्षा तीन प्रश्न विचारावेत. उरलेलं कोणाच्या पदरात पडतं? बुडालेलं कोणाच्या गळ्यात येतं? आणि लक्ष कोण ठेवतो? वरच्या बागेत आंबा एकाचा, मेलेलं झाड दुसऱ्याचं, आणि लक्ष ठेवणारा दादरला. नुकसान व्हायला आणखी काय लागतं?

आता शब्द एकदा नीट लावून घेऊ, कारण गोंधळ तिथूनच सुरू होतो.

भांडवलशाहीत जमीन, कारखाना, होडी, यंत्र ही उत्पादनाची साधनं खाजगी मालकीची असतात. काय पिकवायचं, किती बनवायचं हे ज्याचं त्यानं बाजारातला भाव बघून ठरवायचं. नफा मालकाचा, तोटाही मालकाचा. मजुराला मजुरी.

समाजवादात ही साधनं, निदान त्यांतली मोठी, समाजाच्या मालकीची असावीत असं म्हणतात. समाजाच्या म्हणजे प्रत्यक्षात बहुधा सरकारच्या, कधी सहकारी संस्थेच्या, कधी कामगारांच्या. वाटणी साधारण कामाप्रमाणे: ज्याचं जेवढं काम त्याला तेवढं.

साम्यवाद ही त्याच्याही पुढची कल्पना. तिथे वर्ग उरत नाहीत, शेवटी सरकारही विरून जातं. मार्क्सनं १८७५ मध्ये लिहिलेलं सूत्र असं आहे: प्रत्येकाकडून त्याच्या कुवतीप्रमाणे, प्रत्येकाला त्याच्या गरजेप्रमाणे. असा समाज देशाच्या पातळीवर कुठेही अवतरलेला नाही. कम्युनिस्ट पक्षाची सत्ता असलेले देशसुद्धा स्वतःला साम्यवादी म्हणवत नव्हते. सोव्हिएत संघाच्या अधिकृत नावात 'समाजवादी' असाच शब्द होता. साम्यवाद हे त्यांचं मुक्कामाचं गाव, समाजवाद ही वाट. त्यामुळे 'रशियात साम्यवाद होता' हे आपण बोलतो ते सैल बोलणं आहे. पण सगळेच तसं बोलतात, म्हणून मीही पुढे फार काटेकोर राहणार नाही.

आणखी एक घोळ आताच निस्तरू. स्वीडन-डेन्मार्कला लोक समाजवादी म्हणतात. तिथले कारखाने, दुकानं, कंपन्या बहुतेक खाजगीच आहेत. कर जबर आणि त्यातून शाळा, दवाखाने, पेन्शन. हे भांडवलशाहीवर बसवलेलं मजबूत कल्याणकारी छप्पर आहे, कारखान्यांची मालकी समाजाकडे गेलेली नाही.

भांडवलशाहीचं सगळ्यात मोठं बलस्थान नफा आहे असं समजतात. माझ्या मते ते भाव आहे. वाशीला पेटीचा दर पडला ही एक बातमी देवगडच्या शेकडो बागायतदारांना एकाच वेळी कळते आणि कोणीही हुकूम न सोडता काहीजण तोड दोन दिवस लांबवतात, काही माल पुण्याला वळवतात, काही कॅनिंगला देतात. कुठल्याही मंत्रालयात बसून ही मांडामांड करता आली नसती. अर्थशास्त्रज्ञ हायेक यानं १९४५ मध्ये हेच मांडलं: कामाची माहिती लाखो डोक्यांत विखुरलेली असते, ती एका टेबलावर गोळा होत नाही, भाव ती थोडक्यात सगळ्यांपर्यंत पोचवतो. त्याच्या पावणेदोनशे वर्षं आधी, १७७६ मध्ये, अ‍ॅडम स्मिथनं सांगितलं होतं की खाटीक किंवा पाववाला आपल्यावर उपकार म्हणून नव्हे, तर त्याच्या फायद्यासाठी आपल्याला जेवण पुरवतो.

हे खरं आहे, पण पाववाल्याकडे दुकान आहे. ज्याच्याकडे विकायला फक्त स्वतःचे दोन हात आहेत त्याचं काय, हा मार्क्सचा प्रश्न. आणि हा प्रश्न कोकणाला पुस्तकातून कळलेला नाही.

मुंबईच्या गिरण्यांत रत्नागिरी जिल्ह्यातली माणसं पिढ्यान्‌पिढ्या राबली. दहा बाय दहाच्या खोलीत पाळीपाळीनं झोपायची, खाणावळीत जेवायची आणि गावाला मनीऑर्डर पाठवायची. बायको-पोरं, म्हातारे आईबाप गावी. तिथल्या भातशेतीवर, नाचणीवर, कुळथाच्या पिठीवर घर चालायचं. चाकरमानी आजारी पडला की गावी यायचा, म्हातारा झाला की गावी यायचा. गिरणीमालकाला द्यावी लागायची ती एकट्या माणसाच्या पोटापुरती मजुरी. कामगार वाढवण्याचा, त्याच्या आजारपणाचा नि म्हातारपणाचा खर्च कोकणातलं घर सोसायचं. मार्क्स ज्याला वरकड मूल्य म्हणतो, म्हणजे कामगारानं निर्माण केलेल्या मूल्यातून त्याची मजुरी वजा जाता मालकाकडे राहणारा भाग, त्यात कोकणातल्या बायकांच्या शेतातल्या राबण्याचाही वाटा होता. त्याची नोंद मात्र कुठल्याच खातेवहीत नव्हती.

म्हणूनच गिरणगावात लाल बावटा रुजला. १९२८ च्या मोठ्या संपातून कम्युनिस्ट पुढारी डांग्यांच्या गिरणी कामगार युनियननं बळ धरलं. पुढे १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. तो संप कधी रीतसर मिटलाच नाही. संप चिघळत गेला त्यात दोन्ही बाजूंची ताठरता होती, पण भांडवलाचाही एक हिशेब होता: गिरण्यांतली यंत्रं जुनाट, कापडात नफा आटलेला, आणि गिरणीखालची जमीन मात्र सोन्याच्या भावाची. १९९१ च्या विकास नियमावलीनं ती जमीन विकसित करायला वाट मोकळी केली. भांडवल नफ्यामागे जातं. सूत की मॉल, याचं त्याला सोयरसुतक नसतं. हे त्याचं बळ आणि हीच त्याची क्रूरता.

बरं, नफा आहे पण तोट्याची भीती नाही, असं केलं तर? याचा धडा गुहागरजवळ, अंजनवेलच्या खाडीकाठी उभा आहे. १९९३ च्या डिसेंबरमध्ये एन्रॉनच्या दाभोळ वीज कंपनीशी राज्य वीज मंडळानं करार केला. वीज उचला न उचला, प्रकल्पाच्या क्षमतेप्रमाणे ठरलेलं शुल्क मंडळानं द्यायचंच. डॉलर महागला, इंधन म्हणून लागणारा नाफ्ता महागला, तरी बोजा मंडळावर. वरून सरकारची हमी. १९९९ मध्ये पहिला टप्पा सुरू झाला, विजेचा दर परवडेना, २००१ मध्ये प्रकल्प बंद पडला आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये अमेरिकेत एन्रॉनच दिवाळखोरीत गेली. पुढे २००५ मध्ये सरकारी कंपन्यांना पुढे होऊन प्रकल्प पदरात घ्यावा लागला. याला खाजगीकरणाचं अपयश म्हणणारे आहेत आणि सरकारी अपयश म्हणणारेही. मला तो कल्टाराचाच मामला वाटतो. उरलं तर कंपनीचं, बुडालं तर वीज ग्राहकाचं. भांडवलशाहीचं तर्कशास्त्र ज्या खांबावर उभं आहे तो खांब म्हणजे तोटा. तोच काढून घेतला तर उरते ती फक्त सवलत.

समाजवादाकडे वळायचं तर कोकणात आधी खोताच्या अंगणातून जावं लागतं.

खोत म्हणजे सरकार आणि कूळ यांच्या मधला माणूस. सारा वसूल करायचा नि सरकारात भरायचा, एवढंच मुळात त्याचं काम. पण बहुतेक गावांत तो मालकासारखाच वागायचा. पिकाचा मोठा हिस्सा त्याचा, वर वेठबिगार. ही भांडवलशाही नव्हे, हे लक्षात घ्या. भांडवलदार निदान यंत्र आणतो, पैसा धोक्यात घालतो. खोत काही आणत नसे. कुळानं बांध घातला, जमीन सुधारली, तर वाढलेल्या पिकातला हिस्सा खोताच्या कोठारात. मग बांध घालायचाच कशाला? दोन पिढ्या अशी गेली की जमीन थकते आणि माणूसही.

अलिबाग तालुक्यातल्या चरी आणि आजूबाजूच्या २५ गावांतल्या कुळांनी २७ ऑक्टोबर १९३३ ला संप पुकारला. जमीन कसायचीच नाही! नारायण नागू पाटील त्यांचे पुढारी. हा संप १९३९ पर्यंत चालला. सहा वर्षं शेतं ओस. माणसं जंगलातली लाकडं विकून, खाडीतली मासळी मारून, मिळेल ती मजुरी करून जगली. कारखान्यातला कामगार संपावर जातो तेव्हा मालकाचं यंत्र थांबतं. इथे कुळानं स्वतःच्या ताटातला भात थांबवला होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकर या लढ्याच्या पाठीशी होते आणि १९३७ मध्ये त्यांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं. खोती कायद्यानं गेली ती स्वातंत्र्यानंतर, १९४९ च्या कायद्यानं. कूळकायदा १९४८ चा, आणि १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनी कसणाऱ्या कुळाला जमिनीचा मालक मानलं गेलं.

इथे एक गंमत आहे जी डावे आणि उजवे दोघंही नजरेआड करतात. 'कसेल त्याची जमीन' ही घोषणा लाल झेंड्याखालची. रायगडात शेतकरी कामगार पक्षाचं बळ त्याच लढ्यातून आलं. पण तिचं फळ काय? लाखो नवे खाजगी मालक! समाजवादी चळवळीनं कोकणात खाजगी मालकी रुजवली. आणि तीच गोष्ट हितकारक ठरली, कारण उरलेलं पहिल्यांदाच कसणाऱ्याचं झालं. पुढे १९९० मध्ये रोजगार हमी योजनेतून फळबाग लागवडीला राज्य सरकारनं अनुदान दिलं. ओसाड वरकस जमिनींवर आंबा-काजूची कलमं उभी राहिली. पैसा सरकारचा, झाड शेतकऱ्याचं, आणि अनुदानाचे पुढचे हप्ते झाडं किती जगली यावर. कागदावर खड्डे खणून पैसे उचलणारे तेव्हाही निघाले, पण योजनेची घडी हुशार होती: लक्ष ठेवण्याचं काम तिनं शेतकऱ्याच्याच गरजेवर सोपवलं. कूळकायद्याशिवाय ती चालली नसती. दुसऱ्याच्या जमिनीत पंधरा-वीस वर्षांनी भरात येणारं झाड कोण लावील?

कोकणानं समाजवादी माणसंही भरपूर पाहिली. वेंगुर्ल्याचे नाथ पै आणि नंतर मधू दंडवते राजापूर मतदारसंघातून लोकसभेत गेले. दंडवत्यांचं नाव इथे कोकण रेल्वेशी जोडलेलं आहे. ही रेल्वे कशी उभी राहिली ते बघण्यासारखं आहे. १९९० मध्ये जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री, दंडवते अर्थमंत्री, दोघंही समाजवादी. नेहमीच्या अर्थसंकल्पातून पैसे मिळायला कित्येक वर्षं लागली असती. म्हणून वेगळी सरकारी कंपनी काढली. भागभांडवलात केंद्राचा ५१ टक्के हिस्सा, महाराष्ट्राचा २२, कर्नाटकाचा १५, गोवा आणि केरळचा ६-६. बाकीचा पैसा रोख्यांतून बाजारातून उभा केला, आणि रेल्वे अभियंते ई. श्रीधरनना काम दिलं. २६ जानेवारी १९९८ ला पूर्ण मार्ग खुला झाला. समाजवाद्यांनी बाजारातून कर्ज काढून सरकारी रेल्वे बांधली! याला कुठल्या कप्प्यात घालायचं?

एसटीचं उदाहरण जास्त सरळ आहे. १ जून १९४८ ला पहिली गाडी धावली आणि पुढे 'गाव तिथे एसटी' हे धोरण झालं. डोंगरातल्या वाडीवर सकाळी सातची गाडी आठ माणसं घेऊन जाते. ती तोट्यात असते हे महामंडळाला ठाऊक आहे. तरी ती जाते, कारण त्या आठांत तीन शाळकरी मुली आहेत आणि एक म्हातारी डायलिसिसला निघालेली आहे. खाजगी वडाप जीप भरल्याशिवाय हलत नाही. त्याच्या जागी तेही बरोबर आहे. गरज आहे पण खिशात पैसा नाही, अशी मागणी बाजाराला दिसतच नाही. ती बघायला दुसरी यंत्रणा लागते, हे समाजवादाचं सगळ्यात भक्कम म्हणणं.

आणि कमजोरीही त्याच गाडीत बसलेली आहे. गाडी रिकामी गेली, उशिरा गेली, गेलीच नाही, तर कोणाच्या खिशाला चाट बसते? पगार ठरलेला. ड्रायव्हर-कंडक्टर मनानं चांगले म्हणून गाडी वेळेवर येते, व्यवस्था चांगली म्हणून नव्हे. असं मनाच्या चांगुलपणावर चालणारं काम काही दिवस फार सुंदर चालतं.

देशपातळीवर आपण हे सगळं करून बघितलंय. १९५५ च्या आवडी अधिवेशनात काँग्रेसनं समाजवादी धर्तीच्या समाजरचनेचा ठराव केला, १९६९ मध्ये १४ बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं, सत्तरच्या दशकात आयकराचा वरचा दर ९७.७५ टक्क्यांपर्यंत गेला, १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीनं सरनाम्यात 'समाजवादी' शब्द आला. खेड्यांत बँकेच्या शाखा पोचल्या हा फायदा खरा. पण परवाना हीच संपत्ती झाली. कारखानदारानं चांगली स्कूटर बनवण्यापेक्षा दिल्लीत चार माणसं ओळखीची करणं जास्त फायद्याचं, आणि गिऱ्हाईकानं नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघायची. ९७.७५ टक्के करात शंभरातले सव्वादोन रुपये हाती राहतात. तेवढ्यासाठी प्रामाणिकपणा सांभाळणारे किती? काळा पैसा हे त्या दराचं सरळ सरळ अपत्य होतं. १९९१ च्या उदारीकरणाची वळणं सगळ्यांना माहीत आहेत, त्यात शिरत नाही.

साम्यवादाबद्दल बोलताना दोन्हीकडचे लोक चटकन आवाज चढवतात. सूत्र वाईट नाही. घरात आपण त्याच सूत्रावर जगतो. कोणी किती कमावलं यावर कोणाच्या पानात किती भाकऱ्या हे ठरत नाही. चार माणसांत ते चालतं कारण सगळे सगळ्यांना बघत असतात. चाळीस कोटींत बघणार कोण?

सोव्हिएत संघानं उत्तर दिलं: नियोजन मंडळ. कारखान्याला वर्षाचं लक्ष्य मिळे, ते पुरं केलं की बोनस. आता कारखान्याचा व्यवस्थापक व्हा आणि विचार करा. लक्ष्य शंभराचं, तुमची कुवत एकशेतीसची. एकशेतीस काढलेत तर पुढच्या वर्षी लक्ष्य एकशेतीस. म्हणून शहाणा व्यवस्थापक एकशेदोनवर थांबे, कुवत लपवून ठेवी, कच्चा माल जरूरीपेक्षा जास्त मागून गोदामात दडवी. लक्ष्य वजनात असेल तर माल जड होई, नगात असेल तर बारीक. तिथल्याच लोकांचा विनोद होता: ते पगार दिल्यासारखं करतात, आम्ही काम केल्यासारखं करतो.

शेतीत किंमत भयंकर मोजावी लागली. १९२९ पासून जमिनी जबरीनं सामुदायिक शेतांत घातल्या गेल्या आणि १९३२-३३ च्या दुष्काळात लाखो माणसं मेली, युक्रेनमध्ये सगळ्यात जास्त. चीनमध्ये १९५८ नंतरच्या कम्यूनच्या, म्हणजे गावंच्या गावं एकत्र करून केलेल्या सामुदायिक शेतीच्या, काळात हा आकडा कोटींत गेला. तिथे आणखी एक गोष्ट घडली जी प्रोत्साहनाच्या अभ्यासात विसरू नये: खालचा अधिकारी वरच्याला खूश करायला पीक फुगवून सांगे, आणि वरून त्या फुगवलेल्या आकड्यावर धान्य उचललं जाई. खोटं बोलणाऱ्याला बढती, उपाशी राहणारा तिसराच.

या अंधारात दोन तपशील बोलके आहेत. सोव्हिएत शेतकऱ्याला घरामागे छोटा तुकडा स्वतःसाठी ठेवू देत. एकूण लागवडीच्या जमिनीत हे तुकडे तीन-चार टक्के, पण शेतीच्या एकूण उत्पन्नात त्यांचा हिस्सा किमतीनं चौथ्या भागाच्या आसपास असे. (थोडी फसगत आहे यात. त्या घरच्या गाईला चारा बहुधा सामुदायिक शेतातलाच असे.) दुसरा तपशील चीनमधल्या शियाओगांग गावचा. १९७८ च्या अखेरीस तिथल्या १८ शेतकऱ्यांनी गुपचूप कागद केला आणि अंगठे उठवले: जमीन घरटी वाटून घ्यायची, सरकारचा कोटा भरायचा, उरेल ते ज्याचं त्याचं, आणि यापायी कोणी तुरुंगात गेलं तर त्याची मुलं बाकीच्यांनी वाढवायची. पुढच्या हंगामात धान्य कित्येक पटींनी वाढलं. काही वर्षांत देशभरची कम्यून मोडली. जमीन आजही तिथे खाजगी नाही. बदललं ते फक्त 'उरेल ते ज्याचं त्याचं'. आणि त्या कागदातलं शेवटचं कलम बघा, मुलं वाढवण्याचं. साम्यवाद मोडण्यासाठी त्यांना आपसात साम्यवादी वचन द्यावं लागलं.

याचा अर्थ सामायिक मालकी फसतेच असा काढाल, तर एकदा मालवणच्या किनाऱ्यावर रापण बघून या.

रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं. होडी किनाऱ्यापासून निघते, समुद्रात अर्धवर्तुळ घेत जाळं सोडत जाते नि दुसऱ्या टोकाला किनाऱ्याला लागते. मग दोन्ही टोकांचे दोर धरून दोन रांगा ओढू लागतात आणि ओढता ओढता एकमेकांजवळ सरकतात. बांगडा, तारली, पेडवे, नशिबात असेल ते. लिलाव तिथेच वाळूवर. खर्च काढून उरलेल्याचे वाटे पडतात: ओढणाऱ्यांचे, होडीचे, जाळ्याचे. जाळं एकाच्या मालकीचं नसतं, अनेक रापणकरांचे तुकडे जोडून ते होतं. काही रापणींत आजारी सभासदाचा, विधवेचाही वाटा धरत. सरकार नाही, शेठ नाही, नियोजन मंडळ नाही. तरी कामचुकारपणा होत नाही, कारण दोर सैल सोडलेला शेजारच्याला हाताला कळतो.

एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं ते अशाच व्यवस्थांच्या अभ्यासासाठी. सामायिक कुरण, समुद्र, पाणी यांची नासाडी अटळ आहे, ती टाळायची तर एकतर खाजगी मालक आणा किंवा सरकार, असं १९६८ पासून मानलं जात होतं. ऑस्ट्रॉमनी जगभरची उदाहरणं दाखवून म्हटलं, तिसरी वाट आहे. सभासद कोण हे पक्कं हवं, नियम वापरणाऱ्यांनीच केलेले हवेत, लक्ष त्यांनीच ठेवायला हवं, शिक्षा आधी हलकी मग कडक. आपल्या रापणींत हे सगळं होतं.

नव्हतं ते बाहेरून येणाऱ्याला अडवण्याचं बळ. पर्ससीन नौका थव्याचा थवा वेढून उचलते. एलईडीच्या दिव्यांनी रात्री मासळी गोळा करून मारतात. पर्ससीनच्या मालकाची नौका खाजगी, मासळी खाजगी, पण संपणारा समुद्र सगळ्यांचा. इथेही कल्टार. बँकेचा हप्ता डोक्यावर असलेल्या मालकाला थांबायला सांगून उपयोग नाही. तो थांबला तर दुसरा नेईल हे त्याला पक्कं माहीत आहे. २०१६ च्या आदेशानं राज्यानं पर्ससीनवर हंगामाचं आणि क्षेत्राचं बंधन घातलं, २०१७ मध्ये केंद्रानं एलईडी मासेमारीला बंदी केली, २०२१ मध्ये राज्याच्या कायद्यातले दंड लाखांत नेले. दंड वाढवणं गरजेचं होतं, कारण एका रात्रीच्या मासळीपेक्षा दंड कमी असेल तर तो डिझेलसारखा खर्चात धरला जातो.

पण दंड करायला आधी नौका पकडावी लागते. रापणीत दोनशे डोळे फुकट मिळत होते. बारा सागरी मैलांवर ते मिळत नाहीत, म्हणून मत्स्यविभाग गस्तीनौका भाड्यानं घेतो, २०२५ पासून ड्रोनही उडवतो. त्या गस्तीचा खर्च कोणी द्यायचा, कर भरणाऱ्या सगळ्यांनी, पर्ससीनच्या परवाना शुल्कातून, की मच्छीमार सोसायट्यांना दंडातला वाटा देऊन त्यांनाच पाळतीला बसवायचं, हे कोणी अजून नीट ठरवलेलं नाही. माझं मत तिसऱ्या पर्यायाला आहे. त्यात सोसायटीचा चेअरमन नि पर्ससीनचा मालक एकाच घरातले निघण्याचा धोका आहे, आणि किनाऱ्यावर तो धोका लहान नाही.